राज्य बदलले तरी नोंदणी अटळ
अमेरिकेत लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदणीविषयी असलेले नियम

लैंगिक गुन्ह्याबद्दल एका राज्यात शिक्षा झालेली व्यक्ती दुसऱ्या राज्यात राहावयास गेली, तर तेथील पोलिसांना व रहिवाशांना तिची माहिती कशी मिळावी? अमेरिकेत प्रत्येक राज्याचा फौजदारी कायदा स्वतंत्र आहे. १९९४ च्या केंद्रीय कायद्यानंतर राज्याराज्यांत नोंदवह्या सुरू झाल्या. परंतु नियमांत एकवाक्यता नसल्याने स्थलांतर करणाऱ्यांचा माग सुटत असे. ही त्रुटी दूर करण्यासाठी २७ जुलै २००६ रोजी ॲडम वॉल्श कायदा संमत झाला. फ्लोरिडात सहा वर्षांच्या ॲडमचे अपहरण होऊन त्याची हत्या झाली, त्या घटनेस त्या दिवशी २५ वर्षे पूर्ण झाली होती.

गुन्हेगाराचे वास्तव्य, नोकरी किंवा शिक्षण ज्या ज्या राज्यात असेल, तेथे नोंदणी करणे या कायद्याने बंधनकारक आहे. पत्ता बदलल्यास कामकाजाच्या तीन दिवसांत स्वतः उपस्थित राहून तसे कळवावे लागते. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार हे बंधन १५ वर्षे, २५ वर्षे अथवा आजन्म राहते. दुसऱ्या राज्यात जाऊन हेतुतः नोंदणी टाळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

तथापि, सर्व राज्यांनी या कायद्याची पूर्ण अंमलबजावणी केलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये, परराज्यातील गुन्ह्याचे मूलभूत घटक तेथील कायद्यातील गुन्ह्याशी जुळतात काय, हे तपासले जाते. मूळ राज्यात गंभीर गुन्ह्यासाठी नोंदणी आवश्यक असल्यास न्यूयॉर्कमध्येही ती करावी लागते.

परदेशात झालेल्या शिक्षेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. खटला न्याय्य रीतीने चालला नसेल, तर केंद्रीय कायदा ती शिक्षा विचारात घेत नाही. २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील शिक्षा ग्राह्य मानल्या जातात. भारतासह इतर देशांच्या बाबतीत, शिक्षेच्या वर्षी तेथे स्वतंत्र न्यायसंस्थेने निष्पक्ष सुनावणीचा हक्क सर्वसाधारणपणे राखला होता, असा निष्कर्ष अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मानवी हक्कविषयक अहवालात असावा लागतो. तसा निष्कर्ष नसल्यास, खटला न्याय्य नव्हता असे ठरवून नोंदणीतून सूट देण्याची मुभा संबंधित राज्याला आहे.

भारतात २०१८ साली सुरू झालेला लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय माहितीसंच केवळ तपास यंत्रणांनाच पाहता येतो. अमेरिकेतील बहुतांश नोंदी मात्र इंटरनेटवर सर्वांना खुल्या आहेत. त्यामुळे एखादी नोंद राहून गेल्यास बालकांची सुरक्षितता धोक्यात येते. आणि अन्याय्य खटल्याच्या आधारे नोंद झाल्यास एखाद्या व्यक्तीस घर व रोजगार गमवावा लागू शकतो.