अर्ध्या पैशाचा हिशेब

बिदर शहराला लागून असलेल्या नौबादचे नाव निघाले की तेथील बहमनी काळच्या कारेझची, म्हणजे जमिनीखालून खोदून नेलेल्या जलमार्गाची, आठवण होते. या भुयारात पाणी वर चढवणारे कोणतेही यंत्र नाही; ते केवळ बेताच्या उताराने वाहते. आरंभी उतार तसूभर चुकला तर ती चूक पुढे वाढत जाते. अंकगणितातही असेच घडते. हिशेबाच्या आरंभी सोडून दिलेला एक बारीकसा अपूर्णांक शेवटच्या बेरजेत रुपयांच्या रूपाने उभा राहतो. म्हणून दशांश अपूर्णांक कोठे तोडावा आणि कसा तोडावा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

नौबादच्या परिसराला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागला नाही. तो बाजारातच भेटला. बिदर जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानचे नाणे वेगळे होते. निजामाच्या नाण्याला ‘हाली’ व ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला ‘कलदार’ म्हणत. सात हाली रुपयांना सहा कलदार हा ठरलेला भाव. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यावरही काही वर्षे दोन्ही नाणी व्यवहारात होती. सात रुपयांचे सहा करणे सोपे. पण एका हाली रुपयाचे कलदार किती? सहाला सातांनी भागले असता ०.८५७१४२८५७१४२… असा भागाकार येतो. त्यात ८५७१४२ हे सहा अंक त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येत राहतात आणि भागाकार कधीच संपत नाही. कोठेतरी थांबणे भाग आहे. थांबल्यावर मिळणाऱ्या संख्येला खऱ्या संख्येची आसन्न किंमत म्हणतात. आसन्न म्हणजे जवळची.

थांबण्याचा नियम थोडक्यात असा. जितकी दशांशस्थळे ठेवायची असतील तितके अंक मोजावेत आणि त्यांच्या पुढचा फक्त एक अंक पाहावा. तो ५ हून लहान असेल तर पुढचे सारे अंक सोडून द्यावेत. ५ किंवा त्याहून मोठा असेल तर ठेवलेल्या शेवटच्या अंकात १ मिळवावा. या नियमाने वरील भागाकार एका स्थळापर्यंत ०.९, दोन स्थळांपर्यंत ०.८६ आणि तीन स्थळांपर्यंत ०.८५७ होतो. ३.९८ ही संख्या एका स्थळापर्यंत आणली तर ४.० येते. तेथील शून्य निरर्थक नव्हे. मोजणी दशांशापर्यंत केलेली आहे, याची ती ग्वाही असते.

आता समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या नावावर ३५० हाली रुपयांचे कर्ज आहे. सात हालीला सहा कलदार या भावाने ते बरोबर ३०० रुपये होते. परंतु हिशेबनिसाने आधी एका हालीचा भाव ०.९ धरला आणि मग गुणाकार केला, तर कर्ज ३१५ रुपये भरते. भाव ०.८६ धरला तर ३०१ रुपये, आणि पुढचे अंक नुसतेच कापून ०.८५ धरला तर २९७ रुपये ५० पैसे. ०.८५७ धरल्यास मात्र २९९ रुपये ९५ पैसे येतात, म्हणजे फरक अवघ्या पाच पैशांचा. ऋणको तोच, कर्ज तेच. केवळ अंक कोठे तोडला यावर पंधरा रुपयांचे अंतर पडले. यावरून पहिला धडा मिळतो. गुणाकार-भागाकार आधी पूर्ण करावा आणि आसन्न किंमत अगदी शेवटी, एकदाच घ्यावी.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा हा प्रश्न साऱ्या देशापुढे उभा राहिला. तोपर्यंत रुपयाचे १६ आणे होते. आता १०० नवे पैसे झाले. म्हणजे एक आणा ६.२५ नव्या पैशांचा. पाव पैशाचे नाणे नव्हते. तेव्हा असे ठरले की अर्धा पैसा किंवा त्याहून कमी उरल्यास सोडून द्यावा आणि अर्ध्याहून अधिक उरल्यास पूर्ण पैसा धरावा. त्यामुळे एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे बरोबर २५ पैसे झाले. एक आण्याची वस्तू सोळा वेळा सुटी घेणाऱ्याचे ९६ पैसे गेले, म्हणजे त्याचे चार पैसे वाचले. तीन आण्यांची वस्तू सोळा वेळा घेणाऱ्याने मात्र तीन रुपयांऐवजी तीन रुपये चार पैसे मोजले.

खरी अडचण येते ती बरोबर अर्ध्याची. अर्धा दोन्ही बाजूंना सारखाच जवळ. मग त्याला कोणीकडे ढकलावे? दोन, सहा, दहा आणि चौदा आणे घ्यावेत. त्यांचे १२.५, ३७.५, ६२.५ आणि ८७.५ पैसे होतात. खरी बेरीज २००. अर्धा सोडण्याच्या १९५७ च्या नियमाने १२, ३७, ६२, ८७ म्हणजे १९८ येतात. शाळेतल्या नियमाने अर्धा वर नेला तर १३, ३८, ६३, ८८ म्हणजे २०२. तिसरी एक रीत आहे: अर्धा उरल्यास जवळची सम संख्या घ्यावी. त्या रीतीने १२, ३८, ६२, ८८ येतात आणि बेरीज बरोबर २०० भरते. जेथे हजारो रकमांची बेरीज करायची असते तेथे ही रीत उपयोगी पडते, कारण तिच्यात एकाच पक्षाच्या पदरात सारे अर्धे पडत नाहीत.

दुसरी चूक टप्प्याटप्प्याने होते. एका हालीचे सरळ नवे पैसे केले तर ८५.७१, म्हणजे ८६ होतात. पण आधी आणे केले तर १३ आणे आणि साडेआठ पैहून किंचित अधिक येते. त्याचे १४ आणे धरले आणि १४ आण्यांचे पैसे केले तर ८७. मूळ संख्या सोडून आसन्न किमतीचीच पुन्हा आसन्न किंमत घेतल्याने हा एक पैसा उपटला.

किती स्थळे ठेवावीत हे मात्र कामावर अवलंबून असते. बिदरी कामाच्या कारागिराला चांदी तोलताना ग्रॅमचा शतांश मोलाचा वाटतो. ज्वारीचे पोते तोलणाऱ्याला त्याची गरज नसते. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये परिघ आणि व्यास यांचे ३.१४१६ हे गुणोत्तर देताना ते आसन्न असल्याचे स्वच्छ सांगितले. भास्कराचार्यांनीही लीलावतीत ३९२७/१२५० हे सूक्ष्म आणि २२/७ हे स्थूल मान म्हणून दिले. दोन स्थळांपर्यंत दोन्ही ३.१४ च आहेत. तिसऱ्या स्थळी मात्र ती ३.१४२ आणि ३.१४३ अशी वेगळी होतात. स्थूलाला स्थूल म्हणून वापरण्यात दोष नाही. स्थूलाला सूक्ष्म समजण्यात आहे.

पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या केंद्रीय कायद्यात कराची रक्कम पूर्ण रुपयात आणताना पन्नास किंवा अधिक पैशांचा रुपया धरतात आणि त्याहून कमी सोडून देतात. १९५७ साली सोडून दिलेला अर्धा येथे वर चढला आहे. दोन्ही नियम चालतात, कारण दोन्ही आधी जाहीर केलेले आणि सर्वांना सारखे आहेत. सोडलेला अंक वहीतून नाहीसा होतो, पण तो कोणाच्या तरी पदरातून गेलेला असतो. तो कोणाचा, हे ज्याला सांगता येते त्यालाच हिशेब आला असे म्हणावे.