देशाटन

देशाटन : ज्ञान, अनुभव व आनंद यांसाठी नित्याचे वास्तव्यस्थान सोडून परप्रदेशांत केलेला प्रवास. ‘अट्’ (हिंडणे) ह्या संस्कृत धातूपासून ‘अटन’ हा शब्द बनला असून ‘तीर्थाटन’ आणि ‘पर्यटन’ हे शब्दही त्याच धातूपासून आले आहेत. उपजीविका, व्यापार, सैनिकी मोहीम वा स्थलांतर यांसाठी होणारा प्रवास सामान्यतः देशाटनात मोडत नाही. प्रत्यक्षात मात्र हे हेतू एकमेकांत मिसळलेले आढळतात. तीर्थाला जाणारा बाजारहाट करतो, व्यापारी वाटेतली देवळे पाहतो आणि कामासाठी गेलेला मनुष्य पाहिलेल्या गोष्टींचे वर्णन घरी येऊन सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी १९६३ मध्ये रोम येथे भरविलेल्या परिषदेत, परदेशात अर्थार्जन न करता किमान २४ तास मुक्काम करणाऱ्या अभ्यागतास ‘पर्यटक’ मानावे असे ठरले. ही व्याख्या गणनेसाठी उपयुक्त आहे. परंतु प्रवाशाने काय मिळविले, ह्याचा तीत विचार नाही. मराठीत देशाटनाची गणना चातुर्य येण्याच्या साधनांत परंपरेने केली जाते. प्रवासाचे हे शैक्षणिक अंग हाच प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

देशाटनापासून होणारे शिक्षण तीन प्रकारचे असते : स्थळे व वस्तू यांचे ज्ञान, परक्या लोकांचे ज्ञान आणि स्वतःच्या समजुतींची परीक्षा. पहिले काही अंशी ग्रंथांतूनही मिळू शकते. दुसऱ्यासाठी मुक्काम, संभाषण व शक्य तर परभाषेचा परिचय लागतो. तिसरे प्रवाशाची काहीशी गैरसोय झाल्यावाचून सहसा पदरी पडत नाही. कारण परिचित व्यवस्था मोडल्याखेरीज ती केवळ आपली एक रीत आहे, ह्याची जाणीव होत नाही.

ऐतिहासिक आढावा : सातव्या शतकात चिनी यात्रेकरू युआन च्वांग हा बौद्ध ग्रंथांच्या शोधात भारतात आला. त्याने महाराष्ट्रासही भेट दिली आणि येथील लोकांच्या स्वभावाचे वर्णन लिहून ठेवले. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा इब्न बतूता दौलताबादला येऊन गेला. महाराष्ट्रात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनी तेराव्या शतकात गोदावरीच्या परिसरात व विदर्भात सतत भ्रमण केले. त्या पंथाच्या आचारधर्मात अटनाला महत्त्वाचे स्थान आहे. चक्रधरांनी जेथे जेथे वास्तव्य केले त्या ठिकाणांची नोंद करणारी स्थानपोथी ही मराठीतील स्थलवर्णनाची आद्य उदाहरणांपैकी एक होय. यूरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत सधन घराण्यांतील तरुणांनी शिक्षणाची परिपूर्ती म्हणून फ्रान्स, इटली इ. देशांत हिंडून येण्याची प्रथा होती. इंग्रज विचारवंत फ्रान्सिस बेकन याने आपल्या प्रवासविषयक निबंधात (१६२५) अशा तरुणांना रोजनिशी ठेवण्याचा, परदेशाची भाषा थोडीतरी शिकून जाण्याचा आणि तेथे स्वदेशीयांच्या संगतीपासून दूर राहण्याचा सल्ला दिला आहे. रेल्वे सुरू झाल्यावर प्रवास मध्यम वर्गाच्या आवाक्यात आला. टॉमस कुक याने १८४१ मध्ये इंग्लंडातील लेस्टरहून लफ्बरोपर्यंत मद्यपानविरोधी सभेसाठी आगगाडीने सामुदायिक सहल नेली. संघटित पर्यटन-व्यवसायाचा आरंभ तेथून मानतात.

हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण : देशाटनाच्या इतिहासातील बहुतेक अवस्था महाराष्ट्रातील हिंगोली ह्या तुलनेने लहान जिल्ह्यात पाहावयास मिळतात. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके होत. पैनगंगा, पूर्णा व कयाधू ह्या त्यातील प्रमुख नद्या असून हळदीच्या पिकासाठी जिल्ह्याची, विशेषतः वसमत भागाची, ख्याती आहे. प्रसिद्ध पर्यटनकेंद्रांत त्याची गणना होत नाही. तरीही मराठी परंपरेतील एका मोठ्या प्रवाशाशी, संत नामदेवांशी (१२७०–१३५०), त्याचा निकट संबंध आहे.

कयाधू नदीच्या परिसरातील नरसी हे गाव एका परंपरेनुसार नामदेवांचे जन्मस्थान होय. दुसऱ्या परंपरेनुसार त्यांचा जन्म पंढरपूर येथे झाला. व्यवसायाने शिंपी असलेल्या कुटुंबात जन्मलेल्या नामदेवांचे मन पंढरपूर व विठ्ठल यांच्यापुरते गुंतलेले होते, असे चरित्रपर अभंगांतून दिसते. ‘तीर्थावळी’ ह्या प्रकरणात ज्ञानदेवांसमवेत त्यांनी केलेल्या तीर्थयात्रेचे वर्णन असून, पंढरपूर सोडताना त्यांना झालेले दुःख त्यात विस्ताराने आले आहे. यात्रेचा मूळ उत्साह ज्ञानदेवांचा आहे. नामदेव काहीसे अनिच्छेनेच निघतात. ज्याला घराबाहेर पडणेच नकोसे होते, त्याने पुढे उत्तर भारतापर्यंत प्रवास केला. हे स्थित्यंतर समजून घेण्यास औंढा नागनाथ येथील कथा साहाय्यभूत ठरते.

संतांच्या मेळ्यात गोरा कुंभारांनी नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरविल्यावर ते गुरूच्या शोधात औंढ्यास आले. तेथे विसोबा खेचर हे शिवलिंगावर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी आक्षेप घेताच, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव, असे विसोबांनी सांगितले; परंतु पाय ठेवावे तेथे लिंग प्रकट होऊ लागले. ह्या घटना व तीर्थयात्रा यांचा क्रम सर्व परंपरांत सारखा नाही आणि कथेला ऐतिहासिक पुरावा म्हणून मूल्य देता येणार नाही. तिचा आशय मात्र स्पष्ट आहे. देव सर्वत्र आहे, हे ज्या तीर्थाच्या ठिकाणी शिकविले जाते त्या तीर्थाचे वेगळेपण त्या शिकवणीनेच नाहीसे होते. तसे असेल, तर मग प्रवास कशासाठी? नामदेवांच्या उत्तरायुष्यात ह्याचे उत्तर सापडते. त्यांनी प्रवास थांबविला नाही, पण त्याचा हेतू बदलला. स्थळाच्या पावित्र्यापेक्षा लोकांचा सहवास त्यात महत्त्वाचा झाला. पंजाबात त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले असे मानतात आणि तेथील गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या नावाशी निगडित आहे. त्यांनी हिंदीत पदरचना केली व त्यांची ६१ पदे शीख धर्मीयांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. परभाषेत रचना करून ती तेथील लोकांना आपली वाटावी, इतका परक्या समाजाशी समरस झालेला प्रवासी मध्ययुगीन मराठी परंपरेत दुर्मिळ आहे. ह्या संबंधाचे स्मरण म्हणून ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१५ मध्ये घुमान येथे भरविण्यात आले. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यास येणारे अनेक शीख यात्रेकरू आज नरसीसही भेट देतात. सातशे वर्षांपूर्वी एका प्रवाशाने जोडलेली वाट अशा रीतीने दोन्ही दिशांनी वाहती राहिली आहे.

औंढ्याचे नागनाथ मंदिर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे, अशी महाराष्ट्रातील श्रद्धा आहे. द्वारकेजवळील नागेश्वर व उत्तराखंडातील जागेश्वर यांच्याविषयीही तशीच श्रद्धा आढळते. गावाबाहेर न पडलेल्या भाविकाला हा मतभेद सहसा जाणवत नाही. तिन्ही ठिकाणी गेलेल्या यात्रेकरूस तो टाळता येत नाही आणि आपल्याइतकीच दृढ श्रद्धा दुसऱ्यांचीही असते, हे त्याला मान्य करावे लागते. मंदिराची वास्तूही डोळस प्रेक्षकाला बरेच सांगते. तिचा खालचा भाग यादवकालीन शैलीत घडीव दगडांचा असून त्यावर मूर्ती व नक्षीकाम यांचे थर आहेत. वरचा भाग उत्तरकालीन, विटा व चुना यांनी बांधलेला आहे. दोन्हींतील सांधा खालूनच दिसतो आणि पडझड व पुनर्बांधणी यांचा इतिहास कोणी न सांगताही लक्षात येतो. लिंग तळघरासारख्या गाभाऱ्यात असून तेथे अरुंद वाटेने वाकून उतरावे लागते. नामदेवांना कीर्तनासाठी मागील बाजूस घालविले असता मंदिरच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका येथे सांगितली जाते. महाशिवरात्रीस औंढा येथे मोठी यात्रा भरते. त्याच तालुक्यातील शिरड शहापूर येथे मल्लिनाथाचे दिगंबर जैन मंदिर आहे.

प्रवासातील धोके : रम्य स्थळांच्या वर्णनात प्रवासाची दुसरी बाजू झाकली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत लांबचा प्रवास जिवावरचा असे. निजामाच्या राज्यातील हिंगोली येथे त्या काळी सैन्याची छावणी होती. निजामाच्या सेवेतील इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने कन्फेशन्स ऑफ अ ठग (१८३९) ह्या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या हरी सिंग नावाच्या व्यापाऱ्याची हकीकत दिली आहे. गावात प्रतिष्ठित गणल्या गेलेल्या ह्या व्यापाऱ्याशी स्वतः टेलरनेही व्यवहार केला होता. प्रत्यक्षात तो ठगांचा म्होरक्या होता. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्याने अधिकाऱ्याकडून परवाना मिळविला, तो माल घेऊन येणाऱ्या दुसऱ्या व्यापाऱ्यास व त्याच्या माणसांना वाटेत ठार केले आणि तेच कापड त्याच परवान्यावर आणून छावणीत उघडपणे विकले. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच कबुली दिली, तोवर कोणाला संशयही आला नव्हता. ठगांची रीत वाटसरूंशी गोड बोलून त्यांच्या सोबतीस राहण्याची असे. म्हणजे प्रवासात ज्या गुणाची सर्वांत अधिक गरज, त्या परस्परविश्वासाचाच ते शस्त्रासारखा उपयोग करीत. विल्यम स्लीमन याच्या नेतृत्वाखाली १८३० नंतरच्या दशकात ठगांचा बंदोबस्त करण्यात आला. मनोरंजनासाठी प्रवास ही कल्पना सर्वसामान्यांत रुजण्यापूर्वी रस्ते निर्धोक होणे किती आवश्यक होते, हे ह्या हकीकतीवरून दिसते. जथ्याने निघण्याची व ओळखीच्या ठिकाणीच मुक्काम करण्याची यात्रेकरूंची जुनी रीतही ह्यामुळे समजते.

आधुनिक काळ : मीटरमापी लोहमार्गाने हिंगोली एकीकडे अकोल्याशी व दुसरीकडे पूर्णा जंक्शनशी जोडली गेली, पुढे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा मार्ग रुंदमापी झाला. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली आणि १९५६ मध्ये मराठवाडा तत्कालीन मुंबई राज्यात समाविष्ट झाला. त्यानंतर एस.टी.च्या गाड्यांनी खेडी एकमेकांस व शहरांस जोडली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली. शाळांच्या वार्षिक सहली हे ग्रामीण महाराष्ट्रातील देशाटनाचे सर्वांत व्यापक रूप म्हणता येईल. समुद्र, किल्ला वा लेणी यांचे पहिले दर्शन असंख्य मुलांना ह्या सहलींतच घडते.

सोय वाढली तसा एक तोटाही झाला. पायी जाणाऱ्याला वाटेतील प्रत्येक गावी पाणी, निवारा व माहिती मागावी लागे. त्यामुळे लोकांशी संबंध आपोआप येई. वाहनाने जाणारा निघण्याचे ठिकाण व पोहोचण्याचे ठिकाण एवढेच पाहतो. पायी वारी टिकून राहण्याचे एक कारण ह्यात असावे. आषाढी वारीसाठी नरसीहून नामदेवांची पालखी पंढरपूरला जाते. अशा वाटचालीपासून होणाऱ्या बोधाचे उत्तम उदाहरण मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या वारीविषयक लेखनात आढळते. वारीत सहभागी झाल्यावर त्यांना महाराष्ट्राच्या ऐक्याचा प्रत्यय आला. पंढरपूरला जाणाऱ्यांचा प्रदेश तो महाराष्ट्र, अशी नवी व्याख्या त्यांना सुचली. त्याच वेळी निरनिराळ्या जातींच्या दिंड्या व जेवणाच्या पंगती वेगळ्या असल्याचे पाहून त्यांना तीव्र दुःखही झाले. दोन्ही निरीक्षणे एकाच वाटेवरची आहेत. आनंदाने मन व्यापू न देता त्यांनी दोहोंची नोंद केली. विष्णुभट गोडसे यांचे माझा प्रवास (१९०७) हे पुस्तक दुसऱ्या प्रकारे बोलके आहे. दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघालेले हे भिक्षुक उठावाच्या धामधुमीत सापडले. ज्यासाठी ते निघाले होते ते द्रव्य त्यांच्या हाती टिकले नाही. झाशीच्या वेढ्याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन मात्र मराठी वाचकांना मिळाले.

देशाटनाच्या मर्यादा : प्रवासाने मनुष्य सुज्ञ होतोच, असे म्हणता येत नाही. पूर्वग्रह घेऊन निघालेला प्रवासी त्यांना दुजोरा देणाऱ्या गोष्टीच पाहून परत येतो. परभाषा न जाणणाऱ्याचा संबंध बहुधा वाटाडे, दुकानदार व उपाहारगृहे यांच्यापुरताच राहतो. यात्रेकरूंच्या व पर्यटकांच्या गर्दीमुळे पाणी, स्वच्छता व जुन्या वास्तू यांवर ताण पडतो. ज्या गावी लोक शिकण्यासाठी वा आनंदासाठी येतात त्या गावाचा त्यात काय लाभ, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. स्थळाची पूर्वमाहिती, पुरेसा मुक्काम, टिपणे ठेवण्याची सवय आणि स्थानिकांचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी यांमुळे हे दोष काही अंशी कमी होतात. शालेय सहलीतही केवळ अनेक ठिकाणे उरकण्यापेक्षा एकच ठिकाण नीट पाहणे अधिक फलदायी ठरते.

हिंगोली जिल्ह्यात देशाटनाला भविष्यात एक नवे निमित्त मिळण्याची शक्यता आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय तरंगांचे निरीक्षण करणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्याच्या सु. २,६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या दोन भुजा हे तिचे प्रमुख अंग राहील. अतिसूक्ष्म कंपने टिपणाऱ्या अशा उपकरणास वाहतूक व उद्योगधंद्यांच्या वर्दळीपासून दूर असलेली शांत भूमी लागते. म्हणजे रहदारीच्या अभावामुळे जो प्रदेश प्रवाशांच्या नजरेआड राहिला, तोच त्या गुणासाठी निवडला गेला. नागनाथाच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू आणि वेधशाळेत येणारा संशोधक यांना पुढे एकाच रस्त्याने जावे लागेल.