पान फाडायचे नाही, उलट नोंद करायची!
डेबियनच्या वेबसाईटचा कारभार आणि आपली वही

रोजकीर्दीत ५०० ऐवजी ५००० लिहिले गेले, तर जाणता मुनीम ते पान फाडीत नाही. तो उलट नोंद करतो आणि शेजारी तारीख व कारण लिहितो. चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते. म्हणूनच वहीवर भरवसा राहतो. याच रीतीने एका मोठ्या वेबसाईटचा कारभार चालतो. व्यापारीबंधूंनी तो समजून घेण्यासारखा आहे.

'डेबियन' ही संगणक चालविणारी मुक्त प्रणाली आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे विद्यार्थी इयान मरडॉक यांनी १९९३ साली ती सुरू केली. ती कोणीही विनामूल्य घ्यावी, तपासावी, बदलावी. देशोदेशींचे स्वयंसेवक तिचे काम पाहतात. वेबसाईटच्या एकाच पानाला अनेकांचे हात लागतात, आणि पानावरील सूचना चुकली तर वापरणाऱ्याचा संगणक बिघडू शकतो. मग जबाबदारी कोणाची?

याचे उत्तर 'गिट' नावाच्या नोंदवहीत आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली तयार केली. डेबियनची वेबसाईट पूर्वी 'सीव्हीएस' या जुन्या पद्धतीवर चालत असे. २०१८ साली ती गिटवर आली. पानात एक शब्द जरी बदलला तरी वहीत नवी नोंद होते : कोणी बदलले, केव्हा, कोणती ओळ आणि कशासाठी. ज्याला थेट लिहिण्याचा अधिकार नाही तो आपली दुरुस्ती सुचवितो. अधिकार असलेला सभासद ती पाहून मंजूर करतो. पुढे सर्व्हर त्या नोंदींवरून पाने तयार करून लोकांसमोर ठेवतो. चूक आढळली की उलट नोंद करावी, पान पूर्ववत होते.

गिट प्रत्येक नोंदीला एक लांबलचक खूण देते. ती खूण मजकुरावरून आणि मागील नोंदीच्या खुणेवरून काढलेली असते. जुन्या नोंदीत गुपचूप फेरफार केला तर पुढच्या साऱ्या खुणा बदलतात आणि लबाडी उघडी पडते.

या वेबसाईटची पाने अनेक भाषांत आहेत. मूळ मजकूर इंग्रजीत असतो. प्रत्येक अनुवादावर तो मूळ पानाच्या कोणत्या नोंदीवरून केला, ती खूण लिहिलेली असते. मूळ पान पुढे गेले की अनुवाद शिळा झाल्याचे लगेच कळते. जुना भाव नवा म्हणून गिऱ्हाइकाला सांगितला जाऊ नये, तशीच ही काळजी आहे.

आपल्याला याचा उपयोग काय? दोघे भाऊ मिळून दरपत्रक सांभाळतात, तेव्हा 'नवीन', 'नवीन-२', 'शेवटचे' अशा फायलींचा ढीग साचतो आणि जुन्या भावाने माल सुटतो. गिट विनामूल्य आहे आणि दुकानातल्या एका संगणकावर इंटरनेटशिवायही चालते. साधा मजकूर ती ओळीओळीने तपासते.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वही एकाच संगणकावर असेल तर संगणकाबरोबर तीही जाईल. तिची प्रत दुसरीकडे ठेवावी. आणि बँकेचा पासवर्ड तिच्यात कधीही लिहू नये. पुढे तो खोडला तरी जुन्या नोंदीत राहतोच. जी वही काही विसरत नाही, तिच्यात लिहिताना हात जपूनच चालवावा.