पुनवतचे पैलवान, मोतीबागेचे वस्ताद

आष्ट्याहून सांगलीकडे वळलं तर मिरज तालुक्यातलं कवठेपिरान जवळ, आणि इस्लामपूर-पेठ ओलांडून पुढे गेलं तर शिराळा तालुक्यातलं पुनवत. कवठेपिरान मारुती माने यांचं, पुनवत गणपतराव आंदळकरांचं. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला कुस्तीत तीन सुवर्णपदकं मिळाली, त्यांतली दोन या दोन गावांच्या पैलवानांची होती. शिवाय दोघांनी एकेक रौप्यही आणलं. एवढ्याशा टापूचं हे यश महाराष्ट्राने पुरेसं मिरवलेलं नाही.

आंदळकर जन्मले १९३५ साली. तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये त्याचा दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये सांगली. त्याच १९६० साली मुंबईत पंजाबच्या खडकसिंगला हरवून आंदळकर ‘हिंदकेसरी’ झाले. कुस्तीसाठी ते आधीच कोल्हापूरला आले होते. राजर्षी शाहूंनी तालमींना दिलेला आश्रय आणि खासबागेचं मैदान यांमुळे गावोगावची पोरं तिकडेच धाव घेत.

जाकार्तात माने यांना ९७ किलो गटात फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य मिळालं. त्यावरच्या वजनगटात आंदळकरांचं नेमकं उलट झालं: फ्रीस्टाइलमध्ये रौप्य, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण. यातलं अवघडपण समजून घ्यायला हवं. फ्रीस्टाइल आपल्या मातीतल्या कुस्तीला जवळची. तिथे पट काढता येतो, टांग मारता येते. ग्रीको-रोमनमध्ये प्रतिस्पर्ध्याला कमरेखाली धरायचं नाही आणि डावासाठी स्वतःचे पायही वापरायचे नाहीत. लहानपणापासून अंगात मुरलेले कितीतरी डाव एकदम बाद! उरते ती छातीची, खांद्यांची, मनगटांची ताकद. त्यात मातीवर फैसला चितपटीने व्हायचा, तर मॅटवर गुण आणि घड्याळ. असं असूनही लाल मातीत घडलेल्या मल्लाने त्या प्रकारात आशिया जिंकला. आंदळकरांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी कामगिरी म्हणायला हवी, हिंदकेसरीच्या गदेहूनही मोठी.

पुढे १९६४ चं टोकियो ऑलिंपिक झालं, अर्जुन पुरस्कारही मिळाला.

पण कोल्हापुरात त्यांना ओळखलं गेलं ते मोतीबाग तालमीचे वस्ताद म्हणून. वस्तादाचं काम पहाटेच्या जोर-बैठकांपासून सुरू होतं. हौद्यात कुणाला कुणाशी खेळवायचं, कुणाचा दम कमी पडतो, कुणाच्या खुराकाची आबाळ होते, मैदानात कुणाशी जोड धरायची, हे सगळं त्यालाच बघावं लागतं. घर सोडून आलेल्या पोराचा तो बापही असतो. आंदळकरांनी हे काम अनेक वर्षं केलं. चंबा मुत्नाळ, दादू चौगुले, विष्णू जोशीलकर हे महाराष्ट्र केसरी त्यांच्या शागीर्दांतले.

दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झाले. १९७४ मध्ये ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, मॅटवर, त्यांनी रौप्य जिंकलं. मातीतून मॅटवर जाण्याची जी वाट वस्तादांनी जाकार्तात चालून दाखवली होती, तिच्यावरून शिष्यही गेला.

१६ सप्टेंबर २०१८ रोजी आंदळकर गेले. पाठोपाठ ऑक्टोबर २०१९ मध्ये दादूही गेले. तोवर दादू स्वतः मोतीबागेत वस्ताद झाले होते आणि त्यांचा मुलगा विनोद २००० साली महाराष्ट्र केसरी झाला होता.