गणवेशातली माया

माझा पहिला शाळेचा ड्रेस अम्मीने घरच्या मशीनवर शिवला होता. आकाशी कमीज, पांढरी सलवार आणि पांढरी ओढणी. आमच्या उर्दू प्राथमिक शाळेतल्या सगळ्या मुलींचा हाच वेश. कापड बेतताना अम्मी बाजूला आणि खाली बरंच कापड आत दुमडून ठेवायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "भाभी, वाढतं अंग आहे, माया जास्त ठेवा." शिवणकामात आत राखून ठेवलेल्या कापडाला मराठीत माया म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. दर जूनमध्ये अम्मी एक शिलाई उसवायची आणि तोच ड्रेस आणखी एक वर्ष चालायचा. उसवलेल्या भागाचा रंग बाकीच्या कापडापेक्षा गडद दिसायचा. त्या गडद पट्टीची मला फार लाज वाटायची.

बी.एड. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती एका खाजगी इंग्रजी शाळेत, मराठी शिकवण्यासाठी. तिथला थाट वेगळा होता. पट्ट्यापट्ट्यांचा टाय, खिशावर शाळेचं चिन्ह, काळे बूट, आणि सगळं शाळेने ठरवून दिलेल्या एकाच दुकानातून. सकाळी फाटकावर उभं राहून गणवेश तपासण्याची पाळी शिक्षकांवर यायची. एके दिवशी माझ्या पाळीला चौथीतला एक मुलगा आला. त्याचा शर्ट साधा बाजारातला होता आणि शाळेचं चिन्ह जुन्या शर्टावरून काढून हाताने टाचलेलं होतं. नियम होता, म्हणून मी त्याला बाजूला उभं केलं. दोन तासांनी मी परत तिथून गेले तेव्हाही तो तिथेच होता. मी विचारलं तसा हळूच म्हणाला, "टीचर, अम्मीने रात्री जागून लावलंय."

मी ते टाके नीट पाहिले. बारीक, सरळ, एकसारखे टाके. मी त्याला हाताला धरून वर्गात नेलं. पण ते दोन तास मला त्याला परत देता आले नाहीत. या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली, तरी फाटकाशी उभा असलेला तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्यानंतर मी एक शोध सुरू केला. हे टाय, ब्लेझर, हाउस, प्रिफेक्ट आपल्याकडे आले कुठून? उत्तर सोपं होतं, इंग्लंडमधल्या खाजगी निवासी शाळांतून. तिथल्या जुन्या, नामांकित शाळांना पब्लिक स्कूल म्हणतात. नाव पब्लिक असलं तरी त्या सरकारी नाहीत, भरमसाट फी घेणाऱ्या खाजगी शाळा आहेत. आपले पंडित नेहरू १९०५ ते १९०७ या काळात अशाच एका शाळेत, हॅरोमध्ये शिकले. तिथली मुलं अजूनही गवती काड्यांची चपटी हॅट घालतात. ईटनची मुलं आजही मागे शेपट्या असलेला काळा कोट घालून वर्गात बसतात.

पण या शाळांची सुरुवात श्रीमंतांसाठी झालीच नव्हती. ईटन १४४० मध्ये राजा सहावा हेन्री याने स्थापन केली, ती सत्तर गरीब मुलांना मोफत शिकवण्यासाठी. १५५२ मध्ये लंडनमध्ये क्राइस्ट्स हॉस्पिटल ही संस्था उभी राहिली. नावात हॉस्पिटल असलं तरी ते अनाथ आणि निराधार मुलांचं आश्रयस्थान होतं. त्या मुलांना अन्न, छप्पर, शिक्षण आणि अंगावर घालायला कपडे दिले गेले: घोट्यापर्यंत लांब निळा कोट आणि पिवळे मोजे. शाळेच्या गणवेशाचं हे सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक. म्हणजे पहिला गणवेश उघड्या अंगावर घातलेलं पांघरूण होता. ही शाळा १९०२ मध्ये हॉर्शमला गेली, आजही चालू आहे, तोच निळा कोट आहे, आणि आजही तो मुलांना शाळेकडूनच, विनामूल्य मिळतो.

मग पांघरुणाची शिक्षा कधी झाली? ते मला त्या शाळांत शिकलेल्या लेखकांच्या आठवणींतून कळलं.

जॉर्ज ऑर्वेल हे त्यांतलं एक नाव. त्यांचा जन्म १९०३ मध्ये आपल्या बिहारमध्ये, मोतिहारीत झाला. खरं नाव एरिक ब्लेअर. आठ वर्षांचे असताना त्यांना ईस्टबोर्नच्या सेंट सिप्रियन्स या निवासी शाळेत घातलं. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार, पुढे स्कॉलरशिप मिळवून शाळेचं नाव करील म्हणून निम्म्या फीत प्रवेश दिला होता. ही गोष्ट शाळेने त्या मुलाला विसरू दिली नाही. तिथे वाढदिवसाला मुलाच्या नावाने केक येई, सगळे मिळून खात, आणि त्याचे पैसे पालकांच्या बिलात लावले जात. ऑर्वेल यांच्या वाढदिवसाला तो केक कधीच आला नाही. एकदा ते बाहेर गेले असताना नियम मोडून दुकानातून चॉकलेट घेत होते. बाहेर एक माणूस आपल्या शाळेच्या टोपीकडे टक लावून बघतोय असं त्यांना दिसलं. तो मुख्याध्यापकांचा हेर असणार, याबद्दल त्या मुलाच्या मनात जराही शंका नव्हती. डोक्यावरच्या टोपीचंच भय वाटावं, ही काय अवस्था! हा लेख ऑर्वेल यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये छापला गेला. त्याच शाळेत शिकलेल्या काहींनी तिच्याबद्दल चांगलंही लिहिलं आहे, हेही सांगायला हवं. एकाच छताखाली प्रत्येक मुलाची शाळा वेगळी असते.

दुसरं नाव रोआल्ड डाल. त्यांच्या गोष्टी आपली मुलंही वाचतात. वडील लहानपणीच वारले. १९२५ मध्ये, नऊ वर्षांचे असताना आईने त्यांना समुद्राच्या खाडीपलीकडे वेस्टन-सुपर-मेअरच्या शाळेत पाठवलं. पुढे तेराव्या वर्षी ते रेप्टनला गेले. तिथला गणवेश म्हणजे ताठ पांढरी कॉलर, मागे शेपट्यांचा कोट, रेघांची पँट, गवती हॅट. त्या वेशात आपण कसे हास्यास्पद दिसत होतो याची त्यांनी 'बॉय' या १९८४ च्या पुस्तकात मनसोक्त थट्टा केली आहे. मोठी मुलं लहानांना नोकरासारखी राबवत. थंडीत मोठ्या मुलाच्या आधी जाऊन शौचकुपाची बैठक बसून गरम करून ठेवणं, हेही लहानांचं काम होतं. छडीचा मार तर नित्याचा.

पण मला सगळ्यांत लागलं ते दुसरंच. पहिल्या शाळेत दर रविवारी मुलं घरी पत्र लिहीत आणि मुख्याध्यापक मागून फिरत, खांद्यावरून डोकावून चुका दुरुस्त करत. मग मार, भूक, घरची आठवण यांतलं खरं कोणतं मूल लिहिणार? पत्रात सगळं छान असायचं. त्यांच्या आईने मात्र प्रत्येक पत्र जपून ठेवलं. १९६७ मध्ये ती वारली तेव्हा सहाशेहून अधिक पत्रं हिरव्या फितीने बांधलेली निघाली. इतकी पत्रं घरी आली, पण शाळेत असतानाचं खरं दुःख त्यांत लिहिता आलं नव्हतं.

वाचकहो, ही गोष्ट फक्त छडीची नाही. १९७८ मध्ये बर्मिंगहॅमच्या पार्क ग्रोव्ह या खाजगी शाळेने एका शीख मुलाला प्रवेश नाकारला, कारण तो केस कापून पगडी उतरवायला तयार नव्हता आणि शाळेच्या गणवेशात टोपी होती. वडील कोर्टात गेले. खालच्या दोन्ही कोर्टांत हरले. अखेर १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर मुलगा दुसऱ्या शाळेत शिकत होता. छडीलाही कायद्याने बंदी आली, पण इंग्लंडच्या खाजगी शाळांत ती यायला १९९९ साल उजाडलं.

आता आपल्याकडे वळू. आपल्या वस्तीतला रिक्षावाला, गॅरेजवाला, शिवणकाम करणारी आई, सगळ्यांना मूल इंग्रजी शाळेत घालायचं असतं. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझी स्वतःची मुलंही इंग्रजीतच शिकली. गणवेशाच्याही मी विरोधात नाही. वर्गात कोणाचे अब्बा काय करतात ते कपड्यांवरून कळू नये, ही फार मोठी गोष्ट आहे. पण प्रवेश घेताना आपण फी विचारतो, निकाल विचारतो, बसचा रस्ता विचारतो. आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. घरी शिवलेला किंवा मोठ्या भावाचा गणवेश चालेल का? आणि गणवेशात काही कमी असलं तर शाळा पालकांना बोलावते, की मुलाला उभं करते?

संध्याकाळी मूल घरी आलं की "आज काय शिकवलं?" एवढ्यावर थांबू नका. मुलं नेहमी "छान" म्हणतात, त्या रविवारच्या पत्रांसारखं. दप्तर ठेवताना, टाय सोडताना त्याच्या शेजारी बसा. "आज कोणाला उभं केलं होतं?" असं दुसऱ्याबद्दल विचारलं की पुष्कळदा स्वतःचं बाहेर येतं.

आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. कापडाची माया आया ठेवतात, ती त्यांना येते. नियमात माया ठेवणं आपल्या हातात आहे. आता मी ज्या शाळेत शिकवते तिथे माझ्या कपाटात सुई, पांढरा दोरा, चार बटणं आणि दोन जुने टाय असतात. कोणाचं काही तुटलं, विसरलं तर ते मूल घंटेआधी माझ्याकडे येतं. टाके माझे अम्मीइतके सरळ येत नाहीत, पण मूल वेळेवर वर्गात बसतं.