पुरावा दप्तरातच, तपास मात्र नाही

नाशिक जिल्ह्यात जून २००३ मध्ये घडलेल्या दरोडा व हत्याकांडात ज्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशीस पात्र ठरविले, त्यांनाच याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी निर्दोष मुक्त केले. नवा पुरावा सापडला होता असे नव्हे. हल्ल्यातून बचावलेल्या महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांवरून दोनच दिवसांत चार निराळेच इसम ओळखले होते. तो जबाब दप्तरी होता. त्या चौघांचा तपास मात्र झालाच नाही.

ब्रिटनमध्ये संशयास्पद शिक्षांची फेरतपासणी करणारा स्वतंत्र आयोग १९९७ पासून कार्यरत आहे. आपल्याकडे अशी यंत्रणा नाही. जुनी कागदपत्रे चाळणाऱ्या वकिलावरच सारी भिस्त.

न्यायालयाने त्या चौघांच्या तपासाचे, दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचे आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाईचे आदेश दिले. तोवर घटनेला सोळावे वर्ष लागले होते.