सौरबंबाची कॉइल आणि स्मार्ट थर्मोस्टॅट

सौरबंबाला पावसाळ्यात विजेची जोड लागते. शाहूवाडी तालुक्यात, विशेषतः आंबा-विशाळगड पट्ट्यात, जुलैमध्ये कित्येक दिवस ऊन पडत नाही. तेव्हा टाकीतली कॉइलच अंघोळीचे पाणी तापवते. या कॉइलला स्वतःचा थर्मोस्टॅट असतो. पाणी ६० अंशांच्या आसपास तापले की तो वीज तोडतो, निवले की पुन्हा जोडतो. किती वाजले, आभाळ कसे आहे, हे त्याला कळत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

सकाळच्या अंघोळी उरकल्या की टाकीत गार पाणी शिरते. बटण चालू राहिले असेल तर कॉइल लगेच कामाला लागते. मग उघडीप मिळाली तरी ऊन चढेपर्यंत टाकी विजेनेच तापलेली असते आणि फुकटचे ऊन वाया जाते. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ४.६५ युनिट वीज लागते. २ किलोवॉटच्या कॉइलला सव्वादोन तासांहून थोडा जास्त वेळ. म्हणजे पहाटे साडेतीनला चालू आणि सहाला बंद. एवढे काम वायफायवरचा स्मार्ट स्विच चोख करतो.

मात्र हा स्विच टाकीबाहेर असतो. तो आणि आतला थर्मोस्टॅट एकाच तारेवर एकामागे एक बसतात. दोन्ही जोडलेले असतील तरच कॉइलला वीज मिळते. म्हणून मोबाइलवर ‘चालू’ दिसले तरी पाणी तापतेच आहे असे नाही. तापमान पाहून चालणारा स्मार्ट थर्मोस्टॅट हवा असेल तर टाकीला सेन्सर लागतो, आणि तो कुठे बसवला याला फार महत्त्व आहे. गरम पाणी वर चढते. तळाशी लावलेला सेन्सर वर पुरेसे कढत पाणी असतानाही गारच दाखवतो. शिवाय मोबाइलवर ६५ आणि आतल्या थर्मोस्टॅटवर ६० ठेवले, तर ६५ कधीच गाठले जात नाहीत. आतली मर्यादा थोडी वर ठेवून रोजचा कारभार बाहेरच्याकडे द्यावा. अतिताप झाल्यावर वीज तोडणारा कटआउट मात्र कोणत्याही सबबीवर काढू नये.

युरोपातल्या घरगुती गॅस बॉयलरची गोष्ट वेगळी. तिथे ओपनथर्मसारख्या दोन तारांच्या संदेशपद्धतीने थर्मोस्टॅट किती उष्णता हवी ते कळवतो आणि बॉयलर ज्योत लहानमोठी करतो. नुसते चालू-बंद करण्यापेक्षा त्यात गॅस वाचतो. आपली कॉइल चालू किंवा बंद एवढेच जाणते, त्यामुळे तिला एक दणकट रिले पुरतो.

दणकट, कारण २ किलोवॉटला २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह लागतो. १० अँपिअरचा प्लग कागदावर चालतो. पण दोन-दोन तासांच्या भाराने तापतो. १६ अँपिअरचाच घ्यावा, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. वाऱ्यापावसात वीज जाऊन परत येते तेव्हा स्विच आपोआप चालू होणार की बंद राहणार, हे सेटिंगमध्ये आधीच ठरवावे लागते. ‘बंद’ ठेवणे बरे. काही स्विच वेळ इंटरनेटवरून घेतात; वीज आली पण नेट आले नाही, तर पहाटेचे वेळापत्रक चुकते. त्यासाठी हाताने दाबायचे बटण असलेला स्विच निवडावा.